दोन फेऱ्यांना एक ठोका

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. इंजिनाची ताकद काढायचा धडा आला की पहिल्या तासाला फळ्यावर काहीच लिहीत नाही. मुलांना वर्कशॉपमधल्या जुन्या डिझेल इंजिनापाशी नेते, एकेकाच्या हातात हँडल देते आणि म्हणते, सावकाश फिरवा आणि हाताला काय कळतं ते सांगा. मुलं कुरकुरतात. हात काळे होतात, शर्ट खराब होतात, आणि कोणीतरी हुशार हमखास विचारतो, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" नाही येत, म्हणते, फिरव. मी खडूस आहे असं मुलांचं मत आहे आणि ते माझ्या कानावर आलेलं आहे. असू दे. सूत्रातला एक आकडा चुकला की काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या वहीपायी पानवेलीची एक वाडी वाळली.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अलीकडे आमचं गाव. केळी, फुलं, भाजीपाला आणि थोडी भातशेती. घरोघरी वाडी, आणि वाडीच्या मधोमध बावखल. बावखल म्हणजे विहिरीची थोरली बहीण आणि तळ्याची धाकटी. एका अंगाने दगडी पायऱ्या, बाकी तिन्ही बाजूंनी माड. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि त्यावर आजूबाजूच्या वाड्या उन्हाळाभर हिरव्या राहायच्या.

आमचं बावखल तीन घरांचं होतं. एक आमचं. दुसरं बाबाच्या चुलतभावाचं, म्हणजे माझ्या काकाचं. तिसरं एका निवृत्त शाळामास्तरांचं. त्यांना सगळा गाव गुरुजी म्हणायचा. मला पहिली ते चौथी त्यांनीच शिकवलं, आणि पाढा चुकला की त्यांची छडी माझ्या तळहाताला ओळखायची.

बावखलाचे नियम कुठे लिहून ठेवलेले नव्हते, पण पोरासोरांनाही पाठ होते. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. इंजिनं नवीन आली तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीने आणखी एक नियम घातला होता, की पाच हॉर्सपॉवरपेक्षा मोठं इंजिन बावखलावर कोणी बसवायचं नाही, कारण मोठं इंजिन आपल्या पाळीत शेजाऱ्याचंही पाणी ओढून नेतं. आणि वाद झालाच, तर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपल्यावर तिन्ही घरांनी पायऱ्यांवर जमायचं. ज्याच्याविरुद्ध निकाल लागेल त्याने खालच्या पायरीवर उतरून पाण्यात हात बुडवायचा. हात बुडला की विषय संपला. मग त्यावर पुन्हा घरात, बाजारात, चर्चच्या अंगणात, कुठेही तोंड उघडायचं नाही. आमच्या तीन घरांत तीन पिढ्या भांडणं झाली, पण कोर्टाची पायरी कोणी चढलं नाही ते या पायरीमुळे.

काकाची पानवेलीची वाडी होती. गावात पानवेली आधी पुष्कळ होत्या म्हणतात, मला कळायला लागलं तेव्हा मोजक्या उरल्या होत्या आणि त्यातली काकाची सगळ्यांत देखणी. पांगाऱ्यावर चढवलेल्या वेलींच्या ओळी, मधून अरुंद पाट, आणि आत शिरलं की भर एप्रिलमध्येही गार. चप्पल बाहेर काढल्याशिवाय काका कोणाला आत सोडायचा नाही, बाहेरून आलेल्या पान-व्यापाऱ्यालाही नाही. अंगठ्यात पत्र्याची नखी घालून तो पानं खुडायचा आणि खुडताना वेलींशी बोलायचा. मी लहानपणी त्याच्या मागे मागे फिरायचे. तिन्ही घरांत कोणाचंही लग्न असो, विड्याची पानं काकाच्या वाडीतली, हे ठरलेलं. त्याचे कोणी पैसे विचारत नसे आणि तो सांगत नसे. मला तर तो सातवी-आठवीपासून चिडवायचा, "बाय, तुझ्या लग्नाची ओळ मी राखून ठेवलीय, तिकडचं पान खुडू नको."

मी दहावीला बरे मार्क पाडले आणि मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जायचं म्हणून हट्ट धरला. बाबाने कपाळावर हात मारला. "पोरीच्या जातीला तेल-ग्रीसचा धंदा कोनी सांगितला? टायपिंग शिक, बँकेच्या परीक्षा दे." आठ दिवस घरात अबोला. शेवटी काका आमच्या ओटीवर येऊन बसला आणि बाबाला म्हणाला, "माझ्या सायकलची चेन ती माझ्यापेक्षा बरी बसवते. जाऊ दे तिला. तुला काय मोटारीखाली शिरायचंय?" बाबा हसला आणि तिथेच हरला. पण हरता हरता त्याने अट घातली. एका विषयात जरी नापास झाली, किंवा शिकलेलं फुकट गेलं असं दिसलं, तर त्याच दिवशी घरी. ही अट काकासमोर घातली गेली होती, हे लक्षात ठेवायला हवं. मी ठेवलं नाही.

दोन वर्षं मजेत गेली. वर्गात आम्ही दोघीच मुली. लेथवर हात भाजायचे, ड्रॉइंगच्या शीटवर घाम पडायचा, पण मला ते सगळं आवडायचं. गावात एसटीतून उतरले की लोक माझ्या हातातल्या ड्रॉइंगच्या लांब पट्टीकडे, टी-स्क्वेअरकडे बघायचे. काठी कसली घेऊन फिरते, असं एका म्हातारीने विचारलंसुद्धा.

त्या उन्हाळ्यात विजेचा खेळखंडोबा सुरू होता. आमच्या आणि गुरुजींच्या मोटारी विजेवरच्या. काकाकडे वीजजोडणीच नव्हती, अर्ज कुठेतरी पडून होता. त्याचं जुनं इंजिन निकामी झालं तेव्हा त्याने एक जुनंच, पण दुरुस्त केलेलं डिझेल इंजिन आणलं. हिरव्या रंगाचं. त्यावरची पत्र्याची पाटी निघालेली होती, नुसती चार भोकं राहिली होती. विकणाऱ्याने पाचचं म्हणून दिलं, काकाने पाचचं म्हणून घेतलं. आता वीज गेली की आमच्या मोटारी गप्प, आणि काकाचं इंजिन एकटंच धडधडत असायचं. दुसऱ्याच्या वाडीत पाणी वाहण्याचा आवाज आपली वाडी कोरडी असताना ऐकला की चांगल्या माणसाचंही मन बिघडतं. माझ्या बाबाचं बिघडलं. गुरुजींचंही.

त्यात बावखल नेहमीपेक्षा लवकर उतरायला लागलं. ईस्टरआधीचा उपवासकाळ संपायच्या आत सातवी पायरी उघडी पडली. एरवी ती मे महिन्यात दिसायची.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर तिन्ही घरं पायऱ्यांवर जमली. गुरुजी म्हणाले, "धार बघा त्या इंजिनाची. पाचचं इंजिन एवढं पाणी फेकतं का? आणि पाटी कोणी काढली?" काका म्हणाला, "मी नाय काढली. आली तशीच हाय." बाबा गुरुजींच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मग गुरुजींनीच तोड काढली. "वाद कशाला? आपल्याकडे आता इंजिनिअर आहे. गणित खोटं बोलत नाही. हिला काढू दे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकोणीस वर्षांची मी, आणि तीन घरांचे कर्ते पुरुष माझ्या तोंडाकडे बघत होते. बाबाच्या चेहऱ्यावर तर असं काही आलं होतं की पोरीला शिकवलं ते वाया गेलं नाही. मी म्हटलं, आठ दिवस द्या.

कॉलेजच्या लॅबमधल्या सहायकाला गळ घालून शनिवार-रविवारपुरता टॅकोमीटर आणला. चाकाच्या टोकाला टेकवला की मिनिटाला किती फेऱ्या ते काट्यावर दाखवतो. इंजिन चालू करून बघितलं, पंधराशे. मग काकाने स्वतः पाने-पक्कड घेऊन इंजिनाचं डोकं उतरवलं. "उघडून बघ बाय, त्याच्या पोटात काय लपलेलं नाय." मी व्हर्नियरने माप घेतलं. सिलिंडरचं तोंड ऐंशी मिलिमीटर. चाक हाताने फिरवून पिस्टन वरून खाली किती जातो ते पाहिलं, एकशे दहा. वहीत लिहिलं. काकी दारातून बघत होती. तिने सरबत आणून दिलं आणि माझ्या कपाळावरचा काळा डाग पदराने पुसला.

सगळं परत बसवून झाल्यावर काकाने हँडल लावलं आणि इंजिन चालू न करता हळूहळू फिरवलं. "बाय, इकडे ये. हात लाव. हे बघ, एका फेरीला जोर लागतो, दुसऱ्या फेरीला हात मोकळा जातो. दोन फेऱ्यांना एकच ठोका मारतं हे. तुझ्या हिशोबात हे कुठे बसतं?"

मी वही मिटत होते. तेल लागेल म्हणून मी हँडलला हात लावला नाही. म्हटलं, "काका, ते हाताने नाही कळत. त्याला सूत्र असतं."

तो हँडल काढून फडक्याने पुसायला लागला.

सूत्र खरंच सोपं आहे. सिलिंडरमधला सरासरी दाब, पिस्टनचा प्रवास, पिस्टनच्या तोंडाचं क्षेत्रफळ आणि मिनिटाला ठोके किती, या चार आकड्यांचा गुणाकार करायचा आणि साठने भागायचं. त्यांची इंग्रजी अक्षरं ओळीने ठेवली की प्लॅन असा शब्द होतो, म्हणून नापास होणारा मुलगाही ते विसरत नाही. दाब मोजायचं साधन आपल्याकडे नसतं, म्हणून तो पुस्तकातला घ्यायचा. येतं ते उत्तर कागदावरचं. घर्षणात जाईल ते वजा करायचं आणि उरेल ती चाकाला मिळणारी ताकद. मी चौथ्या आकड्याच्या जागी चाकाच्या फेऱ्या टाकल्या. पंधराशे. फेऱ्या वेगळ्या आणि ठोके वेगळे, हा तास ज्या दिवशी झाला त्या दिवशी आमच्या गावच्या चर्चचा सण होता. सणाला वसईतलं पोर गावाबाहेर जात नाही, मीही गेले नव्हते. मैत्रिणीची वही नंतर उतरवून घेतली होती. तिने लिहिलं नव्हतं की माझ्याकडून सुटलं, हे मी पुढे कधी तपासलं नाही. दोष तिच्यावर जाऊ नये म्हणून नाही, माझ्यावर आला तर काय, म्हणून.

हॉर्सपॉवरमध्ये उत्तर आलं बारा. घर्षण वजा जाता दहाच्या आसपास.

मी ते तीनदा तपासलं. कॅल्क्युलेटरवर तीनदा बारा आले. कॅल्क्युलेटर बिचारा काय करेल, त्याला मी जे दिलं तेच तो मला परत देत होता.

पुढच्या रविवारी मी पायरीवर उभी राहून वही वाचून दाखवली. आवाज खणखणीत लागला. गुरुजी मान डोलवत होते. बाबा छाती काढून उभा. काकाने माझ्या हातातून वही घेतली, आकड्यांवरून हळूहळू बोट फिरवलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

"पोरीने शिकून काढलंय," तो म्हणाला. "ते खोटं कसं असंल?"

तो पायऱ्या उतरला, वाकला आणि त्याने मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवला.

इंजिन पाऊस पडेपर्यंत बावखलावरून उचलायचं ठरलं. दोघांच्या मदतीने त्याने ते दोर लावून पडवीत ओढत नेलं आणि वर गोणपाटं टाकली. त्याच्या पाळीला आपली मोटार लावू, असं बाबा मोठ्या मनाने म्हणाला, पण काकाच्या पाळीला वीज असली तर ना. केळ आठ दिवस तहान काढते, पानवेल नाही काढत. तिला रोज पाणी लागतं. मग काका आणि काकी दोघं खांद्यावर कावड घेऊन पायऱ्या चढायला-उतरायला लागली. सकाळी मी कॉलेजला निघाले की काकाची पाठ दिसायची, संध्याकाळी परतले की काकीची. मी सायकलची घंटी न वाजवता कडेकडेने जायचे. एप्रिलच्या शेवटी बाहेरच्या ओळी पिवळ्या पडल्या. मग आतल्या. व्यापारी एकदा आला, चप्पल न काढता बाहेरूनच बघून गेला.

आणि बावखल? ते उतरतच होतं. इंजिन पडवीत झोपलेलं, आणि मे लागला तेव्हा नववी पायरी उघडी. हे सगळ्यांना दिसत होतं, पण हात बुडलेला होता, त्यामुळे कोणी बोलत नव्हतं. खरं कारण रस्त्यावर रोज दिसायचं. गावाबाहेरच्या विहिरींवर टँकर भरले जात होते आणि पूर्वेकडच्या नव्या इमारतींना पाणी पोचवत होते. एकामागून एक, सकाळपासून.

परीक्षा संपल्यावर सुट्टीतलं ट्रेनिंग म्हणून मला सातिवलीच्या एका लहानशा कारखान्यात पाठवलं. पत्र्याची शेड, सहा लेथ, आणि डिझेल इंजिनांचे सुटे भाग. तिथले फोरमन साताऱ्याकडचे होते. बोलायला रांगडे, पण मला कधी चहा सांगायला लावला नाही की फाइली आवरायला बसवलं नाही, सरळ मशीनवर उभं केलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चहाच्या वेळेला मी त्यांना माझा पराक्रम सांगितला. गावात कसा वाद झाला, मी कसं इंजिन मोजलं, बारा हॉर्सपॉवर कशी शोधून काढली. मी ते अभिमानाने सांगितलं, हे मला अजून आठवतं आणि अजून नको वाटतं.

"माप काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"ऐंशी बाय एकशे दहा."

ते उठले. मागच्या फळीवर लायनर रचून ठेवले होते, म्हणजे सिलिंडरच्या आत बसतात त्या नळ्या. त्यातला एक त्यांनी आणून माझ्या मांडीवर ठेवला. "हे बघा. तोंड ऐंशी. हा पाच हॉर्सचा माल आहे, बाई. मी मिशी फुटल्यापासून हेच काढतोय. तुम्ही बारा कुठनं आणलेत?"

मी वही काढली. त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि पंधराशेवर बोट ठेवलं. "फोर स्ट्रोक हाय न्हवं? मग ठोका दोन फेऱ्यांना एक. ह्याला दोनानं भागलं का?"

बाराचे सहा. घर्षण वजा, पाच.

तो लायनर मांडीवर तसाच होता, जड आणि गार. मला फोरमन दिसेनात, काकाचा हात दिसायला लागला. एका फेरीला जोर लागतो, दुसऱ्या फेरीला हात मोकळा जातो. हेच तर तो सांगत होता. फोरमन जे बोलले ते त्याने मला दोन महिने आधी, बावखलावर, याच शब्दांत सांगितलं होतं आणि मी तेल लागेल म्हणून हात लावला नव्हता. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. फोरमननी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाले, "चुकतं माणूस. जाऊन सांगा."

घरी येऊन आधी बाबाला सांगितलं. तो म्हणाला, "हात बुडलाय. आता विषय काढायचा नाय. ती रीत हाय." मी म्हटलं, खोट्यावर बुडलाय. तो चिडला. "आनि चारचौघांत काय सांगनार? की आमच्या शिकलेल्या पोरीला भागाकार येत नाय? लोक तोंडात शेन घालतील. वेली गेल्या त्या गेल्या." मला माहीत होतं की तो मला वाचवतोय. स्वतःलाही. मी वही उचलली आणि काकाकडे गेले.

दारात काकी तांदूळ निवडत होती. माझा चेहरा पाहूनच तिला कळलं असावं. मी म्हटलं, "काकी, चुकलं माझं. इंजिन पाचचंच आहे."

तिने सूप खाली ठेवलं. काकी कधी आवाज चढवायची नाही. त्या दिवशी चढवला. "आमाला ठावं हाय! त्याला त्याच दिवशी ठावं होतं. मी म्हटलं बोल, वही फाड, तुझी जिंदगी गेली इंजिनं फिरवन्यात. तर म्हनतो, पोरीला चारचौघांत खोटं पाडलं तर तिचा बाप उद्या तिला घरी बसवंल. मी बायको हाय त्याची, दोन महिने कावड वाहिली, माझे खांदे बघ!"

काका आतून आला. तिला म्हणाला, "गप." मग मला म्हणाला, "बस."

मी बसले नाही. मला रडू फुटलं होतं. "तू बोलला का नाही काका?"

"बोललो होतो," तो म्हणाला, अगदी साधेपणाने. "तुझ्या घाईत ऱ्हायलं. मंग पायरीवर तुझा बाप बघितला. इतकी वर्षं मी त्याला तसा खूश बघितला नव्हता." मग म्हणाला, "वेल परत लावता येतो, बाय. कॉलेज सुटलं की सुटलं."

मी म्हटलं, "रविवारी मी सांगणार."

"हात बुडलाय माझा."

"तुझा बुडलाय. माझा नाही."

रविवारी मिस्सा आटोपल्यावर मीच तिन्ही घरांना पायऱ्यांवर बोलावलं. आजवर तिथे कर्त्या पुरुषाशिवाय कोणी बोलावलं नव्हतं. बाबा आला, पण दहा हात लांब, माडाला टेकून उभा राहिला. मी वही उघडली, चुकलेली ओळ वाचली, बरोबर ओळ वाचली, आणि म्हटलं की काकाने हे मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मग मी पायऱ्या उतरले. त्या वर्षी पाणी खूप खाली होतं, उतरायला वेळ लागला. मी हात बुडवला.

गुरुजी म्हणाले, "वही इकडे दे." त्यांच्या खिशात निवृत्तीनंतरही लाल पेन असायचं. त्यांनी माझ्या बारावर आडवी रेघ मारली, शेजारी सहा लिहिलं आणि खाली सही केली, चौथीत करायचे तशीच. मग धोतराचा सोगा वर धरून ते एकेक पायरी उतरले आणि त्यांनीही हात बुडवला. "वहीत चूक तिची, पण गणित तपासायचं काम माझं होतं," असं काहीतरी ते पुटपुटले. बाबा सगळ्यांत शेवटी आला. काकाकडे न बघता उतरला, हात बुडवला, आणि वर येताना काकाच्या खांद्यावर ओला हात ठेवून तसाच पुढे निघून गेला.

इंजिन त्याच दिवशी परत बसवलं. काका चालू करणार इतक्यात थांबला आणि हँडल त्याने माझ्यापुढे धरलं. मी रविवारच्या कपड्यांत होते. घेतलं. हळूहळू फिरवलं. एका फेरीला हात अडला, सगळं वजन टाकावं लागलं. दुसऱ्या फेरीला मोकळा गेला.

"काय म्हनतो हात?" काकाने विचारलं.

"दोन फेऱ्यांना एक ठोका."

"हां," तो म्हणाला. "जोरात फिरव आता."

पाणी पाटात सुटलं, पण घ्यायला वाडीत तीनच ओळी जिवंत होत्या.

वेल परत लावता येतो, हे मात्र खरं ठरलं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत बावखलाचं पाणी मचूळ झालं. गोडं पाणी टँकरमधून पूर्वेला गेलं आणि त्याच्या जागी समुद्राकडून खारं आत सरकलं. केळ ते कसंबसं सोसते, पानवेल सोसत नाही. काकाने दोनदा नवी लागवड केली, दोन्ही वेळा ती कोवळ्यातच गेली. उरलेल्या तीन ओळीही वाळल्या. मग त्याने पांगारे तोडले आणि केळी लावल्या. मी डिप्लोमा पहिल्या वर्गात पूर्ण केला, पुढे डिग्री केली, नोकरी लागली. बाबा ज्याला त्याला माझा पगार सांगायचा.

माझं लग्न ठरलं तेव्हा विड्यांची पानं बाजारातून आणावी लागली. तीन घरांच्या आठवणीत पहिल्यांदाच. आणायला काकाच गेला, दुसऱ्या कोणाला त्याने जाऊ दिलं नाही. लग्नाच्या आदल्या दुपारी तो मांडवात पाटावर बसला आणि ओल्या फडक्यातलं एकेक पान काढून पुसायला लागला. मी हळदीच्या अंगाने त्याच्या शेजारी जाऊन बसले. एक पान त्याने उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, देठ मोडून बघितला.

"जाड हाय," तो म्हणाला. "आपलं पातळ व्हायचं."

मी म्हटलं, "काका, माझं चुकलं रे."

"आता किती वेळा सांगशील, बाय? हात बुडला ना?" त्याने ते पान पुसून माझ्या हातात दिलं आणि दुसरं उचललं.

हात बुडला होता, त्यालाही सहा वर्षं होऊन गेली होती. आमच्या तीन घरांतला हा एकच विषय आहे, जो अजून संपलेला नाही.